जगाचा सिनेमा, गावचा पडदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धान कापणी झाली की मंडळातर्फे गावात 'सेव्हन सामुराई' दाखवायचा आहे. साडेतीन तासांचा, काळापांढरा आणि जपानी. लोक बसतील का? तयारी काय करावी?
(अर्जुनी मोरगाव तालुका, गोंदिया)

बसतील. झाडीपट्टीतलं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं आणि लेकराबाळांसकट लोक शाली पांघरून शेवटपर्यंत बसतात. त्या प्रेक्षकाला २०७ मिनिटं जड नाहीत. जड जाते ती सुरुवात, कारण गावाच्या राखणीला येणारे सामुराई (जपानचे जुन्या काळचे तलवारबाज योद्धे) एकेक करून गोळा होईपर्यंत कोण कोणाचा हे लक्षात यायला वेळ लागतो. म्हणून दिवे मालवण्याआधी दोन मिनिटांत एवढंच सांगा : डोंगराखालचं गाव आहे, पीक तयार झालं की दरोडेखोर येणार आहेत, आणि राखणदारांना द्यायला गावाकडे भाताशिवाय काही नाही. पुढची गोष्ट सांगू नका.

प्रत आधी तपासा. या सिनेमाच्या कापलेल्या, तोकड्या प्रतीही फिरतात. २०७ मिनिटांऐवजी १९८-१९९ दिसली तर घाबरायचं कारण नाही. तो पूर्ण सिनेमाच असतो, सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी (फ्रेम्सनी) पळवलेला. दीडशे-एकशेसाठ मिनिटांची प्रत मात्र घेऊ नका. मध्यंतर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी स्वतःच ठेवलं आहे, सुमारे पावणेदोन तासांनी. चहा तेव्हाच द्या, अधेमधे थांबवू नका.

हा १९५४ चा सिनेमा धानपट्ट्यातल्या माणसाला शहरातल्यापेक्षा जास्त कळेल असं आम्हाला मनापासून वाटतं. सामुराई शोधायला शहरात आलेल्या शेतकऱ्यांचा तांदूळ चोरीला जातो, मडक्याच्या तळाशी मूठभर उरतो आणि तोही जमिनीवर सांडतो. तेव्हा एक जण खाली बसून दाणा दाणा वेचतो. कॅमेरा त्या बोटांवर थांबतो. संवाद वाचता आला नाही तरी चालेल, ती बोटं पाहा. राखणदारांना पांढरा भात वाढून गावकरी स्वतः भरड धान्य खातात, हेही लक्षात ठेवा. जवाची कापणी झाली की त्याच बांध्यांमध्ये पाणी सोडून घोडेस्वारांची वाट अडवतात. दरोडेखोर ४०. एकेक पडला की कागदावरच्या एकेका वर्तुळावर फुली पडते, त्यामुळे लढाई कुठवर आली हे प्रेक्षकालाही मोजता येतं. शेवटची लढाई भर पावसात, चिखलात आहे. कुरोसावांनी ती एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी आणि लांब पल्ल्याच्या भिंगांनी टिपली, म्हणून घोडे अंगावर आल्यासारखे वाटतात. आणि शेवट होतो तो चक्क रोवणीनं, ढोलाच्या तालावर गात. तुमच्याकडच्या बाया ते पाहून काय म्हणतात, जरूर कळवा.

पडदा ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच पुरे. खालची कड जमिनीपासून निदान ४ फूट ठेवा, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड खालची अक्षरं जातात. पांढऱ्या कापडामागे काळं कापड लावा, नाहीतर मागचा उजेड कापडातून येऊन चित्र फिकं पडतं. पहिली रांग १२ फुटांवर. मोकळ्या पटांगणात थंडीचं दव पडतं, तेव्हा लॅपटॉप आणि स्पीकर आडोशाला ठेवा. पाखरं प्रोजेक्टरच्या झोतावर येतात, म्हणून मागे ३०-४० फुटांवर एक साधा बल्ब लावून ठेवा. घरी बघायला घेतलेल्या डिस्कवर किंवा मोबाइलच्या वर्गणीवर गावात जाहीर खेळ करता येत नाही. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

प्रश्न : मराठी सबटायटल्स आम्हीच तयार केली. लॅपटॉपवर सुरुवातीला बरोबर येतात, मग मागं-पुढं होतात. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. असं कावून होते?
(आर्णी तालुका, यवतमाळ)

हे दोन वेगळे आजार आहेत. आधी चूक कशी वाढते ते बघा. पहिल्या संवादापासून शेवटपर्यंत दोन सेकंदांचाच फरक असेल तर व्हीएलसी या सिनेमा चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एच' दाबल्यावर अक्षरं उशिरा येतात, 'जी' दाबल्यावर लवकर. दर दाबण्याला ५० मिलिसेकंद. फरक वाढतच जात असेल तर चौकटींचा वेग जुळत नाही : सबटायटल्स सेकंदाला २३.९७६ चौकटींच्या प्रतीवर बेतली आणि तुमची प्रत २५ ची, किंवा उलट. दीड तासात साडेतीन मिनिटांहून जास्त फरक पडतो, तो बटणं दाबून भरून निघत नाही. 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात फ्रेम रेट (हाच चौकटींचा वेग) बदलण्याची सोय आहे. बदलल्यावर पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्ही जुळले तर मधले जुळलेच समजा. मधूनच एकदम उडी पडत असेल तर तुमच्या प्रतीत एखादा प्रसंग कमी-जास्त आहे. तिथून पुढच्या सगळ्या ओळी एकत्र सरकवाव्या लागतील.

चौकोनांचं कारण बहुधा टीव्हीच्या आतला फॉन्ट. सबटायटल्सची फाइल साठवताना 'एन्कोडिंग'मध्ये यूटीएफ-८ (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) निवडा, नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवा. तरी चौकोनच आले, किंवा 'कि' चा 'क' एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे दिसली, तर त्या टीव्हीला देवनागरी जुळवता येत नाही. मग लॅपटॉप एचडीएमआय वायरनं टीव्हीला जोडा, किंवा 'हँडब्रेक' हे सॉफ्टवेअर वापरून अक्षरं चित्रातच पक्की करून घ्या. त्याला जुन्या लॅपटॉपवर काही तास लागतात, रात्री लावून झोपा.

लिहितानाही काळजी हवी. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं, आणि भरलेल्या दोन ओळी निदान पाच-सहा सेकंद पडद्यावर. वाक्य तुटायचं तर अर्थाच्या जागी तुटू द्या. 'मी उद्या' एका वेळी आणि 'येणार नाही' पुढच्या वेळी पडद्यावर आलं की प्रेक्षक क्षणभर उलटं समजतो.

प्रश्न : यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' घरच्या टीव्हीवर पाहिला. माणसं बुटकी-जाडी दिसतात, चित्र मालिकेसारखं गुळगुळीत. आणि मधेमधे धुराडी, वाळत घातलेले कपडे कशासाठी दाखवतात?
(देवळी तालुका, वर्धा)

जाडी तुमच्या टीव्हीनं आणली आहे. १९५३ च्या या सिनेमाची चौकट जवळपास चौकोनी आहे, उंची १ तर रुंदी १.३७. टीव्ही ती ताणून १६ बाय ९ करतो. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मूळ' किंवा '४:३' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते तसेच राहू द्या. गुळगुळीतपणा 'मोशन' नावाच्या सोयीचा आहे : टीव्ही २४ चौकटींच्या मधे स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवतो. ती पूर्ण बंद करा आणि मगच सिनेमा पुन्हा लावा. आधीच्या पाहण्यावर मत बनवू नका.

धुराडी आणि कपडे म्हणजे ओझूंचा श्वास आहे. ओनोमिचीहून म्हातारे आईबाप टोकियोला लेकरांकडे येतात. लेकरं वाईट नाहीत, फक्त त्यांना वेळ नाही. एक प्रसंग संपला की ओझू लगेच दुसऱ्यात ढकलत नाहीत. काही सेकंद रिकामी जागा दाखवतात, आणि आधीच्या बोलण्यातलं दुखणं तिथं उतरतं. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही आणि जमिनीलगत असतो, सतरंजीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही खाली. ओसरीवर बसून घरातल्यांचं बोलणं ऐकावं तसं ते दिसतं. विधवा सुनेच्या लहानशा खोलीतला प्रसंग पुन्हा पाहा. म्हाताऱ्यांच्या पोटच्या मुलांनी जे केलं नाही ते ती करते, आणि सिनेमाच्या शेवटी सासरा ते तिला बोलूनही दाखवतो.

प्रश्न : ऐन रंगात आलं की लाईन जाते. इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल?
(चिमूर तालुका, चंद्रपूर)

दिव्याचा प्रोजेक्टर २५० वॅट, लॅपटॉप ६०, स्पीकर ६० धरा. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून बॅटरीवर सुमारे ४५० वॅटचा भार पडतो. १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची बॅटरी निम्मीच रिकामी करायची ठरवली तर दोन तास. १०० वॅटचा एलईडी प्रोजेक्टर असेल तर सव्वातीन तास. इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस'वर ठेवा, नाहीतर वीज जाताना प्रोजेक्टर बंद पडतो. दिव्याचा प्रोजेक्टर असा झटक्यात बंद पडला की पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो. दहा मिनिटं हलवू नका, मग सुरू करा.

प्रश्न : आमच्या गावच्या आज्यांना वाचता येत नाही. त्यांनी परदेशी सिनेमा पाहूच नये का?
(दर्यापूर तालुका, अमरावती)

पाहावा. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी 'बेन्शी' उभा राहून गोष्ट आणि संवाद सांगायचा. कुरोसावांचे थोरले भाऊ बेन्शीच होते. तुम्हीही एक वाचणारी निवडा. तिनं सिनेमा आधी दोनदा पाहिलेला असावा. माइक घेऊन तिला मागे बसवा, आवाज मूळ आवाजाच्या खाली ठेवा, भाषा घरातली वऱ्हाडी. सगळं वाचायचं नाही, कळायला लागेल तेवढंच. सूत्रसंचालन तर अजिबात नको.

पहिल्यांदा अब्बास किआरोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' घ्या, इराणचा, १९८७ चा, ८३ मिनिटांचा. चुकून दप्तरात आलेली मित्राची वही परत द्यायला एक पोरगा दुसऱ्या गावाला धावतो. उद्या वही नसेल तर मित्राला शाळेतून काढणार आहेत. घरची माणसं तेच ते पुन्हा बोलतात, त्यामुळे वाचणारीला दम घेता येतो. टेकडीवरची नागमोडी वाट आली की तिनं थांबावं, तिथं नुसतं धावणं आहे. आणि अगदी शेवटी मास्तर वही उघडतात, पानांत दाबलेलं एक फूल दिसतं, तेव्हा तर माइक बंदच करावा.