राष्ट्रीय सुरक्षेचं धोरण नक्की कोण ठरवतं: मंत्री की राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार?

बातम्या पाहिल्या की सगळं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवलच ठरवतात असं वाटतं, मग मंत्री काय करतात, असं तुम्ही विचारलंय. निर्णय मंत्र्यांचाच असतो. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत पंतप्रधान आणि गृह, संरक्षण, परराष्ट्र व अर्थमंत्री बसतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिल २०२५ रोजी, सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवण्याचा निर्णय याच समितीत झाला.

सल्लागाराचं काम त्याआधी सुरू होतं आणि माझ्या मते तेच जास्त अवघड आहे. देशांतर्गत गुप्तचर संस्था आयबी गृहखात्याकडे, परदेशांतली माहिती काढणारी रॉ पंतप्रधानांच्या अखत्यारीत, लष्कराची गुप्तचर शाखा आणखी वेगळी. प्रत्येकाकडे चित्राचा एकेक तुकडा; ते तुकडे जोडणं हे सल्लागाराचं काम. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर नेमलेल्या कारगिल आढावा समितीचा अहवाल वाचताना मला सर्वांत अस्वस्थ केलं ते याच गोष्टीनं. जून १९९८ मध्ये आयबीनं नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींबद्दल अहवाल दिला होता. तो वर पोचला, पण रॉचे सचिव आणि सगळ्या संस्थांची माहिती एकत्र तपासणाऱ्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष यांना पाठवलाच गेला नव्हता! माहिती होती, पण ज्यांनी तिची सांगड घालायची त्यांच्या टेबलावर नव्हती.

सल्लागार ज्या व्यवस्थेचा भाग आहे ती, पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राष्ट्रीय सुरक्षा परिषद नोव्हेंबर १९९८ मध्ये, म्हणजे कारगिलच्या आधीच स्थापन झाली होती. पण पहिले सल्लागार ब्रजेश मिश्र पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते. सल्लागाराला दुसरी जबाबदारी नको, असं के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीनं स्पष्ट लिहिलं. २००४ नंतर ही पदं वेगळी झाली.

परिषदेचं रोजचं काम तिचं सचिवालय करतं. परिषदेच्याच धोरणात्मक गटात तिन्ही दलांचे प्रमुख आणि महत्त्वाच्या खात्यांचे सचिव येतात; या गटाचं अध्यक्षपद २०१८ मध्ये कॅबिनेट सचिवांकडून सल्लागाराकडे आलं. त्याच वर्षी नेमलेल्या संरक्षण नियोजन समितीचंही. म्हणजे सचिवांनी काय मांडायचं आणि कोणत्या क्रमानं, यावर त्याचा हात भक्कम झाला. तुम्हाला बातम्यांत जाणवतो तो हाच प्रभाव.

मला यात एक गोष्ट खरंच खटकते. हे पद संसदेच्या कायद्यानं निर्माण झालेलं नाही, आणि सल्लागार मंत्री नसल्यानं सभागृहात उभं राहून उत्तर देत नाही. अमेरिकेत निदान परिषद तरी १९४७ च्या कायद्यानं बनली. आपल्याकडेही तसा कायदा व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.