लिंग आणि लिंगभाव : वाचकांचे प्रश्न

प्रशिक्षणात आम्हाला 'लिंग निसर्गदत्त, लिंगभाव समाजनिर्मित' असं वाक्य लिहून दिलं. नववीच्या वर्गात ते फळ्यावर लिहिलं की मुलं खुसखुसतात आणि तास तिथंच संपतो. 35 मिनिटांत हे कसं शिकवावं? — एक शिक्षिका, सांगली जिल्हा

हसू येतं ते 'लिंग' या शब्दाचं, म्हणून शब्द शेवटी आणा आणि सुरुवात चिठ्ठ्यांनी करा. वीसेक चिठ्ठ्यांवर एकेक वाक्य लिहा : दाढी येते. पाळी येते. आवाज फुटतो. घागर डोक्यावरून आणते. नांगर धरतो. रडत नाही. बाळाला अंगावर पाजते. स्वयंपाक करते. कर्ज काढायचं की नाही ते ठरवतो. फळ्यावर दोन रकाने आखा, 'शरीराचं' आणि 'शिकवलेलं'. चार-पाच जणांचे गट करा, पण मिश्र. मुलगे एकीकडे आणि मुली दुसरीकडे बसवल्या की त्याचा कबड्डीचा सामना होतो. चिठ्ठ्या लावायला 10 मिनिटं द्या आणि उरलेला वेळ भांडणाला ठेवा, कारण खरं शिक्षण त्या भांडणातच होतं.

'स्वयंपाक' एखादा गट हमखास 'शरीराचं'मध्ये टाकतो. लगेच 'चूक' म्हणू नका. गावात लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक कोण करतं, एवढं विचारा. आचारी पुरुष असतो, हॉटेलातला भटारखानाही बहुतेक पुरुषांच्याच हातात. घरात फुकट असतो तोवर बाईचा, मोबदला मिळायला लागला की पुरुषाचा, हे मग कोणीतरी मागच्या बाकावरून बोलतंच.

दुसरी अडचण पाळीची. 'पाळी येते' हे शरीराचं. 'पाळीत देवघरात जात नाही' हे शिकवलेलं. या दोन गोष्टींच्या चिठ्ठ्या वेगळ्याच हव्यात. एका चिठ्ठीवर आल्या की रूढीला शरीराचा आधार मिळतो आणि पुढची चर्चा घसरते.

'कानात दागिना घालते' ही चिठ्ठीही ठेवा आणि भिकबाळीची आठवण करून द्या. ती पुरुषांचीच.

शेवटच्या पाच मिनिटांत कसोटी सांगा : गाव, काळ किंवा जात बदलली की फरकही बदलतो का? बदलत असेल तर तो लिंगभाव. सगळीकडे तोच राहत असेल तर बहुधा शरीराचा. 'बहुधा' का, ते हिमोग्लोबिनच्या उत्तरात पाहा.

पुरुषाच्या अंगात ताकद जास्त, म्हणून जड कामं त्याच्याकडे. यात समाजाने काय केलं? — एक शेतकरी, अहिल्यानगर

ताकदीचं म्हणणं बरोबर आहे. वयात आल्यावर पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, बाईच्या रक्तात 15 ते 70च्या आसपास. त्यामुळे सरासरीने पुरुषाचे स्नायू, विशेषतः खांदे आणि दंडाचे, जास्त भरतात. पण हा सरासरीचा हिशेब आहे. गावातल्या दणकट बाईपुढे पाप्याचं पितर पुरुष टिकत नाही.

आता कामांची वाटणी या ताकदीप्रमाणे झालीय का, ते पाहा. 15 लिटरचा हंडा म्हणजे पाणीच 15 किलो, वर भांड्याचं वजन. तो डोक्यावर घेऊन विहिरीवरून घरापर्यंतच्या खेपा बाईच्या. नांगराला ताकद लागते म्हणावं, तर ओढणारे बैल. तरी बाईने नांगर धरू नये ही रूढी. ट्रॅक्टर आला, त्याला तर स्नायू लागतच नाहीत. मग त्याच्या सीटवर पुरुषच का? अवजार बदललं, वाटणी बदलली नाही, म्हणजे ती ताकदीवर ठरलेली नव्हती. खुरपणी आणि भातलावणी दिवसभर कंबरेत वाकून करायची, पण ती 'हलकी' कामं, म्हणून मजुरी कमी. समान वेतनाचा कायदा 1976 साली आला, पण बांधावरचा भाव अजून जुनाच असतो. घरकाम तर या हिशेबात धरतच नाहीत. 2024च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची 88.

लॅबच्या रिपोर्टमध्ये बाई आणि पुरुषाच्या हिमोग्लोबिनचे आकडे वेगळे छापलेले असतात. म्हणजे बाईचं रक्त कमी असणं नैसर्गिकच ना? — एक वाचक, लातूर

थोडं कमी असणं नैसर्गिक, फार कमी असणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने प्रौढ पुरुषाचं हिमोग्लोबिन 13 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर रक्तक्षय, बाईचं 12च्या खाली गेलं तर. हा एका ग्रॅमचा फरक शरीराचा आहे : टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी जास्त तयार होतात, आणि पाळीत दर महिन्याला रक्त जातं.

लक्षात घ्या, ही सूट रिपोर्टात आधीच दिलेली आहे. ती देऊनही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, त्याच वयाच्या 25 टक्के पुरुषांना. पाळी आणि बाळंतपणं यांचा वाटा यात आहेच. पण दोन बाळंतपणांत किती अंतर ठेवायचं हे कोण ठरवतं आणि सगळ्यांची ताटं झाल्यावर पातेल्यात काय उरतं, हे पेशींवर ठरत नाही. शेवटी जेवणारीच्या वाट्याला भाकरी आणि आमटीचं पाणी येतं; पालेभाजी, अंडं, मटण आधीच संपलेलं असतं.

त्यामुळे उपायही दोन्ही बाजूंनी करावा लागतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. चहा आणि गोळीत निदान एक तास ठेवा. लिंबू पिळलेल्या जेवणाने फायदा होतो. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी (60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) मुलामुलींना दोघांनाही आहे. ती 'मुलींची गोळी' म्हणून मुलगे खिशात घालून फेकतात, तो लिंगभावाचाच प्रताप. आणि सगळ्यांनी एकदम पानावर बसावं. याला औषधाच्या दुकानात जावं लागत नाही, पण घरात हेच सगळ्यात अवघड जातं.

आमच्या नात्यात जन्मलेलं बाळ मुलगा की मुलगी हे डॉक्टरांना लगेच सांगता आलं नाही. बारसं तोंडावर आहे. काय करावं? — नाव नको

आधी बाळाचा जीव, मग बारसं. बाह्य अवयव अस्पष्ट असण्यामागे मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात विकार असू शकतो. त्याच्या एका प्रकारात शरीरातलं मीठ निघून जातं : पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, मलूल पडतं, वजन वाढण्याऐवजी घटतं. हे जिवावर बेततं. म्हणून सोडियम, पोटॅशियम, 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (एक संप्रेरक) या रक्ततपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी थांबवू नका. गुणसूत्रांचा रिपोर्ट यायला वेळ लागतो; बाराव्या दिवशी तो हातात नसेल तर बारसं पुढे ढकला. जन्माची नोंद करा, नाव नंतरही घालता येतं.

गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मुलगा आणि मुलगी दोघांचा पाया सारखाच असतो. पुढे गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकं आणि बाह्य अवयव असे टप्पे पडतात, आणि एखाद्या टप्प्यावर वाट वेगळी होऊ शकते. कुणाची गुणसूत्रं एक्स-वाय, म्हणजे पुरुषाची, असूनही शरीर बाईचं घडतं, आणि पाळी आली नाही म्हणून दाखवायला नेल्यावर ते कळतं. अशा बाळाला 'एकीकडचं' करून टाकण्याची शस्त्रक्रिया घाईने करू नका. जिवाला धोका नसताना अशा शस्त्रक्रिया करायला तामिळनाडूने 2019 साली बंदी घातली. आणि 'तृतीयपंथी' हा शब्द इथं लावू नका. जन्मतःच शरीराची घडण वेगळी असणं ही एक गोष्ट, आपण कोण आहोत याची आतली जाणीव शरीराशी न जुळणं ही दुसरी.

सगळं शिकवलेलंच असेल तर मुलाला मुलगी म्हणून वाढवता येईल का? — एक वाचक, ठाणे

हे करून पाहिलेलं आहे. कॅनडात 1965 साली जन्मलेल्या जुळ्या मुलांपैकी एकाचं शिश्न सुंता करताना जळलं. जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं आणि प्रयोग यशस्वी झाल्याचं जगाला सांगितलं. मुलाने ते कधीच मानलं नाही. सत्य कळल्यावर चौदाव्या वर्षी तो मुलगा म्हणून राहू लागला. डेव्हिड रायमर हे त्याचं नाव. 2004 साली त्याने आत्महत्या केली. वागण्याचे रिवाज शिकवता येतात, आतली ओळख अशी लादता येत नाही. 'सगळं शिकवलेलं' असं आम्हीही म्हणत नाही.

टेबल नपुंसकलिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी. याचा लिंगभावाशी काही संबंध? — दहावीची विद्यार्थिनी, पुणे

फार नाही. व्याकरणातलं लिंग ही शब्दांची विभागणी आहे. मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी. आणि कोल्हापूरकडच्या मुली सर्रास 'मी आलो' म्हणतात, तेव्हा त्यांच्या मुलगी असण्यात काही कमी होत नाही. पुण्यातल्या कानांना ते खटकतं, एवढंच.