टर्बो शेवटी बसवायचा

प्रश्न : काका, मी आयटीआय मोटर मेकॅनिक, वय २३, राहणार कळंबा. मामांची २००१ ची एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी) झेन माझ्याकडं पडून आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागची सीट काढून, धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो बसवून तिची स्पोर्ट्स कार करायची आहे. साठवलेले दीड लाख आहेत. जुना टर्बो एका भंगारवाल्याकडं बघून ठेवलाय, पुढच्या महिन्यात उचलणार. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाळ, तो टर्बो अजून उचलू नकोस. एकदा हातात आला की तो बसवल्याशिवाय झोप येत नाही, आणि मग बाकीची कामं राहून जातात. हे मी अनुभवानं सांगतोय.

२००९ साली मी माझ्या एस्टीमला टर्बो लावला होता. सगळं लक्ष हवेच्या दाबाकडं. टर्बोमधून ऑइल परत इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये येण्याची नळी मात्र मी बारीक घेतली आणि जागा नाही म्हणून तिला वाकवली. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ते ऑइल परत येताना पंप नसतो, आपल्या वजनानंच खाली यायचं असतं. माझं तुंबलं, सील ओलांडून सायलेन्सरात गेलं, आणि शेडभर निळा धूर झाला. शाफ्ट हातानं हलवून बघितला तर चक्क खडखडत होता. तेव्हा परतीची नळी जाड, सरळ उताराची, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. दोनशे रुपयांच्या नळीपायी मी आख्खा टर्बो घालवला.

आता दाब किती ठेवायचा? तुझं इंजिन आतून कंपनीचंच राहणार आहे, तर चौरस इंचाला सहा पौंड, म्हणजे ०.४ बार, यापुढं जाऊ नकोस. कागदावर ही ४० टक्के जादा हवा. पण हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तसंच. बाहेर ३० अंश असले तर कॉम्प्रेसरमधून ती ७५ च्या पुढंच बाहेर पडते. तापलेली हवा विरळ, त्यामुळं ४० मधले जेमतेम २० टक्के हाताशी राहतात. इंटरकूलर, म्हणजे हवा गार करणारी जाळी, लावून तीच हवा ४५ अंशांवर आणलीस तर ३३ टक्क्यांपर्यंत पोचशील. दाब न वाढवता मिळालेली ही ताकद आहे, आणि इंजिनही कमी तापतं. म्हणून इंटरकूलरचे पैसे आधी बाजूला काढ.

मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या ओतीव पाइपचं, जरा सविस्तर सांगतो, कारण इथं तू नशीबवान आहेस. मूळ मॅनिफोल्डवर टर्बो बसायला जागा नसते. मग पोरं पाइप कापून वेल्डिंग करतात. तो लाल होतो, गार होतो, वर टर्बोचं वजन लोंबतं, आणि काही महिन्यांत सांध्याला तडा जातो. तू कोल्हापुरात राहतोस रे! शेतावरची ऑइल इंजिनं ओतून, घासून हे गाव उभं राहिलंय. शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करणारे मिस्त्री आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या आहेत. कार्डबोर्डचा नमुना इंजिनवर धरून बघ, बोनेट लागतं का पाहा, मग लाकडी पॅटर्न करून घे. बीड (ओतीव लोखंड) गार होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, ते मिस्त्री आपल्या पट्टीतच धरतो. साधं बीड नको, एसजी, म्हणजे कमी ठिसूळ बीड, माग. सिलिकॉन वाढवून मॉलिब्डेनम घातलेली एसजीची जात तर मॅनिफोल्डसाठीच वापरतात. तुझ्या एका नगासाठी कुणी भट्टी पेटवणार नाही, पण त्यांचं त्या मालाचं ओतकाम असेल त्या दिवशी तुझा साचा शेजारी ठेवा म्हणून विनंती कर. मला तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

पेट्रोलचं काम स्वतः करू नकोस. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या फार वर वाचत नाही, म्हणजे टर्बो हवा ढकलतोय हे ईसीयूला, इंजिनच्या संगणकाला, कळत नाही. पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसतात, आणि पिस्टनला भोक पडतं. मोठे इंजेक्टर, वेगळा ईसीयू आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग यासाठी निम्मे पैसे राखून ठेव. उरलेल्यातून आधी ब्रेक, टायर, रेडिएटर. भंगारातला टर्बो त्यानंतर.

आणखी एक, आणि हे मनापासून. ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मना आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्हाळ्याच्या वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो तेव्हा त्याला तुझ्या गाडीत काय बसवलंय हे ठाऊक नसतं. टेम्पोत घालून ट्रॅकवर ने, तिथं मनसोक्त पळव. मामांना आधी विचारून घे, आरसी त्यांच्या नावावर असणार.

प्रश्न : डिझेल गाडीचा टर्बो पेट्रोल इंजिनाला चालेल का? स्वस्तात मिळतोय. (इचलकरंजी)

उत्तर : बसतो, पण टिकेलच असं नाही. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच गरम असतो. जोर लावला की ९०० अंशांच्या पुढं जातो, आणि डिझेलच्या टर्बाइनचा धातू बहुधा तेवढ्यासाठी निवडलेला नसतो. दाब कमी आणि पळवणं थोडा वेळ, एवढ्यावर चालवता येईल. घेताना शाफ्ट बोटानं हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतो, पण मागं-पुढं जाणवण्याइतका सरकला किंवा पाती घराला घासलेली दिसली, तर तो तिथंच ठेवून या.