ब्रेक ऑइलच्या कपात रॉकेल

प्रश्न : प्रीमियर पद्मिनीचे व्हील सिलिंडर (चाकातले, ब्रेक-शू ड्रमवर दाबणारे) घरीच खोलून रॉकेलने धुतले, रबराचे किट बदलून ब्रेक ऑइल भरले. आठवड्यात ब्रेक धरून राहू लागले. चार-पाच किलोमीटरांत ड्रम तापतात. शू ढिले केले, तरी तेच. कुठे चुकले?

उत्तर : रॉकेलपाशीच. ब्रेकचे रबर ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेले असते. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यांचा थोडासा अंशही त्याला फुगवतो. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरमधला रबरी कप फुगला, की ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकले जाते. पेडल सोडले तरी दाब अडकून राहतो.

खात्री करा : ब्रेक धरलेले असताना त्या चाकाचा ब्लीडिंग निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा सोडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दोष दाबाचा. नाहीच झाले, तर स्प्रिंग किंवा शू बघा.

आता नुसते ऑइल बदलून भागणार नाही. मास्टर आणि सगळ्या व्हील सिलिंडरचे रबर, शिवाय रबरी होसही नवे घाला. पाइप स्पिरिटने धुऊन हवेने सुकवा. सीलबंद डब्यातले डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑइल भरा. पेडल-रॉडला (मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांडीला) सुमारे १ मिलिमीटर मोकळीक हवीच, नाहीतर तेच छिद्र पुन्हा झाकेल. ऑइलमधली हवा निपलातून, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून काढा. पेडल सोडण्याआधी निपल बंद. ऑइल रंगावर सांडले, तर लगेच भरपूर पाणी ओता. पुसत बसलात तर रंगही फडक्यावर येईल.