डेन्व्हर ब्रूस ब्राउनला का ठेवू शकला नाही: बर्ड राइट्सचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्स एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, विजेते झाले, अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात ब्रूस ब्राउनने बेंचवरून येऊन २१ गुण केले, त्यातले ११ शेवटच्या क्वार्टरमध्ये. तरी महिन्याभरात तो इंडियानाला गेला. स्वतःचा खेळाडू ठेवायला कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) ओलांडता येते ना, मग मालकांनी कंजूषपणा केला का?

ब्राउनच्या बाबतीत नाही. पुढच्या वर्षी डेन्व्हरच्याच केंटेव्हियस काल्डवेल-पोपच्या बाबतीत मात्र तुमचा संशय बऱ्यापैकी खरा आहे. दोन्ही प्रकरणं लोक एकाच पोत्यात भरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याला आयपीएलची सवय आहे. तिथे २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी होते आणि विषय संपला. रिटेन केलेल्यांचे पैसेही त्यातूनच गेले. एनबीएची कॅप तशी नाही. २०२३-२४ ची कॅप १३ कोटी ६० लाख डॉलर होती. डेन्व्हरच्या योकिच, मरे, पोर्टर आणि गॉर्डन या चौघांचेच पगार धरले तर बेरीज १३ कोटी ७० लाखांच्या वर जाते. म्हणजे चार माणसांतच कॅप संपली. बाकीचा संघ उभा राहतो तो अपवादांवर, आणि त्यातला सगळ्यात मोठा अपवाद म्हणजे जुना दिग्गज खेळाडू लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा, म्हणजेच बर्ड राइट्स. कॅपवर असलेला संघही स्वतःच्या खेळाडूशी पुन्हा करार करू शकतो, ही त्यातली सोय.

पण या सोयीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि गडबड इथेच होते. खेळाडू सलग तीन हंगाम फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला) म्हणून संघ न बदलता खेळला, तर पूर्ण हक्क: कमाल पगारापर्यंत काहीही द्या, पाच वर्षांपर्यंत द्या. दोन हंगाम झाले असतील तर मागच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. एकच हंगाम झाला असेल तर मागच्या पगाराच्या १२० टक्के, बस्स. (किमान पगारावरच्या खेळाडूला किमानच्या १२० टक्के.) ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) झाला तर हंगामांचं हे घड्याळ चालू राहतं, नव्या संघाकडे तसंच जातं. खेळाडूने फ्री एजंट म्हणून स्वतः नवा संघ धरला की शून्यावर.

आता ब्राउन. २०२२ च्या उन्हाळ्यात तो ब्रुकलिनमध्ये होता. डेट्रॉईटहून तिथे ट्रेडने आलेला, त्यामुळे नेट्सकडे त्याचे पूर्ण हक्क होते. त्यांनी मनात आणलं असतं तर हवा तेवढा पगार देता आला असता. ते झालं नाही. डेन्व्हरकडे द्यायला होता तो करदात्या संघांचा (पगार फार वाढल्याने लक्झरी टॅक्स भरणाऱ्यांचा) छोटा अपवाद: पहिल्या वर्षी साधारण ६५ लाख डॉलर, दुसऱ्या वर्षी ६८ लाख, आणि दुसरं वर्ष खेळायचं की नाही हे ब्राउनच्या हातात. त्याने सही केली, घड्याळ शून्यावर आलं. मग ८० सामने, सरासरी ११.५ गुण, विजेतेपद. त्याने दुसऱ्या वर्षाचा तो ऑप्शन नाकारला तेव्हा डेन्व्हरकडे एकाच हंगामाचा हक्क होता. ६५ लाखांचे १२० टक्के म्हणजे ७८ लाख. यापुढे एक डॉलरही देता येत नव्हता, मालकाने कितीही मोठा चेक लिहायचं ठरवलं तरी.

इंडियानाकडे कॅपमध्ये जागा होती. त्यांनी दोन वर्षांचे साडेचार कोटी दिले, पहिल्या वर्षाचे २ कोटी २० लाख आणि दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर. बातमी आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे आली, फ्री एजन्सी आपल्या वेळेने साडेतीनला उघडते. ज्यांना झोप येत नाही त्यांनाच हा खेळ परवडतो.

'अजून एक वर्ष थांबायला हवं होतं' असं म्हणणाऱ्यांसाठी आकडे मांडू. पहिल्या वर्षी ७८ लाख. दोन हंगाम पूर्ण झाल्यावर त्याचे १७५ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ३६ लाख. दोन वर्षांचे मिळून २ कोटी १४ लाख. इंडियानाने एका वर्षात याहून जास्त दिले. शिवाय तो १ कोटी ३६ लाखांचा आकडा कागदावर नसतोच, कारण पुढच्या कराराचं तोंडी आश्वासन देणं लीगमध्ये गुन्हा आहे. खेळाडूने पोटरी दुखावली तर सगळं हवेत.

अशा गुपचूप आश्वासनाचा एक किस्सा माहीत नसेल तर तो माहीत असायलाच हवा. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिला निवडला गेलेला ज्यो स्मिथ १९९९ मध्ये मिनेसोटाकडे अगदी स्वस्तात गेला, तेही एकेक वर्षाच्या करारावर. सगळ्यांना कोडं पडलं. उलगडा असा की तीन हंगाम स्वस्तात खेळायचं, संघाकडे पूर्ण बर्ड हक्क आले की मग मोठा करार, असा गुपचूप लेखी समझोता होता. २००० मध्ये तो बाहेर आला. लीगने स्मिथचे करार रद्द केले, संघाला ३५ लाख डॉलर दंड केला आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी काढून घेतल्या (काही नंतर परत मिळाल्या). संघाचा तारा केव्हिन गार्नेट याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत संघाला नवे तरुण मिळेनात. स्मिथ एक हंगाम डेट्रॉईटला खेळून पुन्हा मिनेसोटालाच आला, ही त्यातली गंमत. तेव्हापासून 'एक वर्ष कळ काढ, मग बघतो' हे वाक्य कोणताही जनरल मॅनेजर मोठ्याने बोलत नाही.

दुसऱ्या पायरीवरही माणसं निसटतात. आयझाया हार्टेनस्टाइन न्यूयॉर्कमध्ये दोन हंगाम खेळला. २०२४ मध्ये तिथला संघ निक्स त्याला जास्तीत जास्त चार वर्षांचे ७ कोटी २५ लाख देऊ शकत होते. ओक्लाहोमा सिटीने तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख दिले, आणि पुढच्याच वर्षी ते विजेते झाले. उलट उदाहरण लॉस एंजेलिस लेकर्सच्या ऑस्टिन रीव्हजचं. त्याचेही दोनच हंगाम झाले होते, पण तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता, म्हणजे दुसऱ्याची ऑफर जुळवण्याचा हक्क लेकर्सकडे होता. लेकर्स जुळवणारच हे ठाऊक असल्याने कोणी मोठी ऑफर आणली नाही आणि तो २०२३ मध्ये चार वर्षांच्या ५ कोटी ३८ लाखांवर राहिला.

काल्डवेल-पोपची गोष्ट पूर्ण वेगळी. तो डेन्व्हरला ट्रेडने आलेला, तिथे करार वाढवलेला, हक्क पूर्ण. २०२४ मध्ये त्याने १ कोटी ५४ लाखांचा ऑप्शन नाकारला आणि ऑर्लँडोने तीन वर्षांचे ६ कोटी ६० लाख दिले. डेन्व्हरला तेवढे देता येत होते. दिले नाहीत. आडवा आला तो दुसरा एप्रन, म्हणजे कॅपच्या बऱ्याच वर असलेली पगाराची रेषा, त्या हंगामात सुमारे १८ कोटी ८९ लाखांची. ती ओलांडली की लक्झरी टॅक्स तर भरायचाच, वर ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत, रोख रक्कम पाठवता येत नाही, मिड-लेव्हल अपवाद (ब्राउनला घेतलं तो याच प्रकारातला) हातचा जातो आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते. यात खेळाचं कारण किती आणि खिशाचं किती, यावर वाद घालायला जागा आहे. माझ्या मते योकिच ऐन भरात असताना सुरुवातीच्या पाचातला बचावपटू सोडणं ही चूक होती.

तेव्हा पुढच्या वेळी असा कोणी गेला की आधी बघा: तो संघात आला कसा, हंगाम किती झाले, मागचा पगार किती. एवढ्यावरून संघाला देता येत होतं का ते कळतं. एप्रनचा हिशोब त्यानंतर. आणि यात एक विचित्र गोष्ट दिसेल. खेळाडू जितका स्वस्तात मिळालेला, तितका तो ठेवणं अवघड, कारण १२० आणि १७५ टक्के त्या स्वस्त आकड्याचेच निघतात. योकिचसारख्याला ठेवायला नियम आडवा येत नाही, ब्राउनसारख्याला येतो.

तुम्ही शेवटी विचारलंत की डेन्व्हरने २०२२ मध्येच तीन वर्षांचा करार का केला नाही. नियमाने तेव्हा करता आला असता, त्या छोट्या अपवादावर तीन वर्षं चालत होती. पण स्वतःवर पैज लावणारा खेळाडू दुसऱ्या वर्षी मोकळं होण्याची मुभा मागतो, आणि ती दिली नसती तर ब्राउन बहुधा आलाच नसता. लीग आणि खेळाडू संघटना यांच्या २०२३ च्या नव्या करारनाम्यात तर त्या अपवादाची मुदतच दोन वर्षांवर आणली आहे. आता त्यावर घेतलेल्या खेळाडूचा पहिला करार संपतो तेव्हा संघाच्या हातात फार तर दुसरी पायरी असते, पूर्ण हक्क नाहीच.