पगारजप्तीच्या नोटिशीला काय उत्तर द्यावे?

प्रश्न : मी चाकण परिसरातील एका कारखान्यात टर्नर आहे. भत्ते धरून माझा महिन्याचा एकूण पगार 28,000 रुपये आहे. एका मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. त्याने हप्ते थकवल्यावर वित्तसंस्थेने आम्हा दोघांवर दावा लावला. समन्स मिळूनही, मित्र बघून घेईल या भरवशावर, मी कोर्टात गेलो नाही आणि साडेतीन लाखांचा हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल) झाला. आता माझ्या पगाराच्या जप्तीसाठी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल झाली असून म्हणणे (लेखी उत्तर) देण्याची नोटीस आली आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी संस्थेच्या खात्यात 25,000 रुपये भरले, त्यांचा दरखास्तीत उल्लेख नाही. कर्ज घेताना ‘पगार कापण्यास हरकत नाही आणि कायद्याने मिळणारी सूट मागणार नाही’ असेही मी लिहून दिले आहे. सगळा पगार जाईल का?
— एक वाचक, जिल्हा पुणे

उत्तर : सगळा पगार कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही. परंतु कायद्याने दिलेली सूट आपण मागितली पाहिजे आणि तिचा आधार कागदावर मांडला पाहिजे. समन्सच्या वेळी केलेली चूक नोटिशीच्या वेळी पुन्हा करू नका.

25,000 रुपयांचा मुद्दा मुदतीचा असल्याने तो आपल्याला पत्राने आधीच कळवला आहे. इतर वाचकांसाठी येथे देतो. हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर भरलेल्या रकमेची नोंद कोर्टात झाली नाही, तर दरखास्त चालवणारे कोर्ट ती रक्कम विचारात घेत नाही. ही नोंद करून घेण्यासाठी ऋणकोने, म्हणजे ज्याच्यावर हुकूमनामा झाला त्याने, रक्कम भरल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो आणि सोबत लेखी पुरावा लागतो. आपण बँकेमार्फत भरणा केला हे उत्तम झाले. रोखीने देऊन पावती न घेणाऱ्यांची मात्र या ठिकाणी फार पंचाईत होते.

आता सुटीविषयी. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 60 नुसार मजुराची मजुरी जप्त करताच येत नाही, आणि ‘मजूर’ या शब्दात कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा तिन्ही कामगारांचा समावेश होतो, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. आपण टर्नर आहात, म्हणजे यंत्रावर स्वतः हाताने काम करता; तेव्हा आपले पहिले म्हणणे हेच असावे की ही रक्कम मजुरी असल्यामुळे ती पूर्णपणे जप्तीमुक्त आहे. कामाचे स्वरूप दाखवणारे नेमणूकपत्र आणि अलीकडच्या पगारपत्रकांच्या प्रती सोबत जोडा. पत्रकावर ‘पगार’ असा शब्द छापलेला आहे, एवढ्यावरून कामाचे स्वरूप बदलत नाही, हेही नमूद करा.

कोर्टाला हे पटले नाही तर, या शब्दांत दुसरे म्हणणे त्याच कागदावर मांडा. पगार असला तरी पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. आपल्या 28,000 रुपयांतून 1,000 वजा केल्यावर 27,000 उरतात. त्यांतील 18,000 सुरक्षित राहतात. म्हणजे जास्तीत जास्त 9,000 रुपयांवर जप्ती येऊ शकते. (पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हा हिशेब लागू नाही; तेथे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो.) पुष्कळ वाचक म्हणण्यात मुलांच्या फीचा आणि आईच्या औषधांचा खर्च तपशिलाने लिहितात. तो खरा असतो, पण ही मर्यादा कायद्यानेच ठरवलेली असल्याने घरखर्च दाखवून ती बदलत नाही. हप्ते बांधून मागताना तो तपशील उपयोगी पडतो. मात्र हुकूमनाम्यानंतर हप्ते मिळण्यासाठी हुकूमनामाधारकाची (येथे वित्तसंस्थेची) संमती लागते.

एकाच हुकूमनाम्यासाठी सलग किंवा तुटक मिळून 24 महिने जप्ती चालली, की त्या हुकूमनाम्यापुरता आपला पगार कायमचा मोकळा होतो. आपल्या बाबतीत दरमहा 9,000 प्रमाणे ही एकूण कपात फार तर 2,16,000 रुपये होईल. उरलेले कर्ज त्यामुळे माफ होत नाही, आणि इतर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

सूट सोडून देण्याच्या लेखाची धास्ती बाळगू नका. असा करार रद्दबातल असल्याचे कलम 60 मध्येच सांगितले आहे.

‘आधी मित्राकडून वसूल करा’ हे म्हणणे मात्र टिकणार नाही. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि हुकूमनामा योग्य की अयोग्य हे दरखास्त चालवणारे कोर्ट तपासत नाही. एकतर्फी (आपल्या गैरहजेरीत झालेला) हुकूमनामा रद्द करून घेण्याचा मार्ग वेगळा आहे, पण समन्स मिळाल्याचे आपण स्वतःच मान्य करता, त्यामुळे त्याच्यावर पैसा घालवावा असे मला वाटत नाही. आपल्या पगारातून गेलेली रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क आपल्याला आहे, म्हणून प्रत्येक कपातीचा पुरावा जपून ठेवा.

आदेश झालाच तर तो पगार देणाऱ्या कंपनीवर बजावला जातो. त्यानुसार कपात करून रक्कम कोर्टात भरली नाही, तर त्या रकमेची जबाबदारी कंपनीवरच येते, त्यामुळे लेखा विभागाशी वाद घालून काही साधणार नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. औद्योगिक कामगार मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहेत. अर्जासोबत नोटिशीची प्रत द्या आणि म्हणणे देण्याची तारीख ठळकपणे लिहा.