कॅनपे म्हणजे सोफा, खरंच!

अरे,

तुझा मेसेज वाचला. कोल्ड किचनला (थंड पदार्थांच्या विभागाला) टाकलंय, दिवसभर नुसते कॅनपे लावतोयस, आणि वर विचारतोस की सर, ह्या एवढ्याशा पावाच्या तुकड्याला इतकं भारी नाव कशाला. मेनूकार्डावर शोभतं म्हणून, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं नीट वाच, त्यातच तुझे ब्रेड मऊ का पडतात तेही आहे.

फ्रेंचमध्ये कानापे म्हणजे सोफा. पावाचा तुकडा हा सोफा आणि त्याच्यावर मासा, चीज, अंडं जे काय असेल ते पाहुण्यासारखं ऐसपैस बसलेलं. पण खरी गंमत त्याच्याही मागे आहे, ग्रीकमध्ये कोनोप्स म्हणजे डास आणि कोनोपिऑन म्हणजे मच्छरदाणीवाला पलंग! तोच शब्द लॅटिनमध्ये गेला, आणि होरेस नावाच्या रोमन कवीने तर ॲक्टियमच्या लढाईवरच्या (इ.स.पू. 31, इजिप्तची राणी क्लिओपात्रा हरली ती) कवितेत क्लिओपात्राच्या मच्छरदाणीवरून नाक मुरडलंय, की सैन्याच्या निशाणांमध्ये हे काय लावून ठेवलंय. पुढे इंग्रजीने वरचं छत घेतलं, त्याचं झालं कॅनपी, आणि फ्रेंचने खालची बैठक ठेवली. म्हणजे लग्नाच्या स्टेजवरची ती झालरवाली कॅनपी आणि तुझ्या ट्रेमधला घास, सख्खी भावंडं.

आता कामाचं. सोफा आहे ना, मग तो खचता कामा नये. ब्रेड टोस्ट कर नाहीतर तळ, पूर्ण गार होऊ दे, मग अगदी कडेपर्यंत बटर लाव, ते नुसतं चवीला नसतं रे, वरचं पाणी ब्रेडमध्ये झिरपू नये म्हणून असतं. काकडी-टोमॅटो आधी टिपून घे. साइझ एका घासाचा, फार तर दोन, कारण पाहुण्याच्या एका हातात ग्लास असतो आणि तो उभा असतो. आणि खाली बेस नसेल तर त्याला कॅनपे म्हणू नकोस, वाटीतला चखणा कॅनपे म्हणून खपवतात ते मला आजही पटत नाही.

उच्चार मात्र शेवटी 'पे' असा कर. मी पहिलं वर्षभर कॅनेप कॅनेप करत फिरलो, अख्खं किचन ऐकत होतं, एकानेही सांगितलं नाही.

तुझा,
सर